अकिदियाचा खण

फोन वाजला तेव्हा अनेस्तीस खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर पाहत होता. मंगळवार होता, दुपारचे सव्वाबारा. "शुक्रवारी सकाळी नऊला आईला वर काढायचंय," पलीकडून त्याची बहीण एव्दोकिया म्हणाली. "तीन वर्षं झाली. दफनभूमीच्या कचेरीतून पत्र आलंय. तुला सुट्टी मिळत नसेल तर नको येऊस. स्ट्रातोस आहे. तोच घेईल तिला हातात." अनेस्तीस "बरं" म्हणाला. फोन खाली ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण नक्की कशाला बरं म्हणालो ते आपल्यालाच ठाऊक नाही.

धक्का बसण्यासारखं त्यात काही नव्हतं. अथेन्समध्ये जागा कमी आणि मेलेले पुष्कळ. तीन वर्षांनी कबर मोकळी करायची, हाडं वर काढायची, लाल वाइनने धुवायची, उन्हात वाळवायची आणि नाव लिहिलेल्या पेटीत भरून ठेवायची. वडिलांच्या वेळी त्याने हे सगळं पाहिलं होतं. पहिल्यांदा कवटी वर येते. खणणारा ती खड्ड्यातून दोन्ही हातांनी वर करतो आणि घरातलं कुणीतरी पांढरं कापड पसरून ती घेतं. वडिलांची आईने घेतली होती. कपाळावर ओठ टेकवून ती म्हणाली होती, "किती बारीक झालास रे!" आणि बाजूच्या बायका रडता रडता हसल्या होत्या. आता आईची पाळी होती, आणि ती स्ट्रातोस घेणार होता. एव्दोकियाचा नवरा. पेरामाच्या गोदीत बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, वर्तमानपत्राचं फक्त शेवटचं पान वाचणारा, नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेला स्ट्रातोस. रक्ताचं नातं नाही, गावही एक नाही. तोच घेईल. त्या 'तोच'मध्ये एव्दोकियाने काही मुद्दाम घातलं नव्हतं. घातलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

 ही जळजळ जुनी होती. तिची जागा, तिचा जोर, ती किती वेळ राहते, सगळं त्याला पाठ होतं. बत्तीस वर्षं तो शब्दकोशाच्या कचेरीत काम करत होता, पण या एका गोष्टीला त्याने कधी नाव दिलं नव्हतं.

"अनेस्ती," दारातून कल्लिरोई म्हणाली. ती कोशाची प्रमुख. त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि चालताना टाचांचा आवाज करणारी. "सोमवारी कोशाची पुढची पानं छपाईला जाताहेत. अकिदिया हा शब्द तुझ्याकडेच आहे ना?"

"खणात आहे."

"अकरा वर्षं खणात आहे. एवढ्या दिवसांत त्या शब्दालाच लाज वाटून त्याने उठून कामाला लागायला हवं होतं." ती स्वतःच्या विनोदावर हसली. "हे बघ, नसेल जमत तर मी लिहिते. आळस. एका ओळीचं काम आहे."

"तेवढंच नाहीये ते."

"मग जेवढं आहे तेवढं सोमवारी दे. नाहीतर एक ओळ छापून मोकळी होते मी."

ती गेल्यावर त्याने खण उघडला. दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या, तीन गठ्ठ्यांत, वर रबर लावलेलं. रबर दोनदा कुजून तुटलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने नवं लावलं होतं. अकरा वर्षांत या शब्दासाठी त्याने केलेलं काम म्हणजे तेवढंच. पहिला गठ्ठा सोपा होता: अकिदिया म्हणजे आळस, सुस्ती, शाळेत मास्तर ज्यासाठी कान पिळतात तो दोष. दुसरा गठ्ठा वाळवंटातल्या संन्याशांचा. त्यांच्याकडे हा शब्द म्हणजे दुपारी बाराला येणारा एक सैतान. तो आला की सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा होतो, हातातलं काम शिसं होतं, आणि संन्यासी उठून पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो. तिसरा गठ्ठा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत पातळ. तिथे आळसाचा मागमूस नव्हता. तिथे हा शब्द रणांगणावर पडलेल्या प्रेताबद्दल यायचा: ज्याला न्हाऊ घालायला कुणी आलं नाही, ज्याच्यासाठी कुणी रडलं नाही, जे तसंच राहिलं. काळजी घेणारं कुणी नसणं. तिथून घसरत घसरत शब्द शाळेच्या बाकापर्यंत कसा आला, हे अनेस्तीसला बरीच वर्षं दिसत होतं. लिहायचं तेवढं राहिलं होतं. दुसऱ्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती जी तो चाळताना नेहमी दोन बोटांनी पटकन उलटायचा. तिच्यावर लिहिलं होतं, की या सैतानाने धरलेला संन्यासी शेजारच्या झोपड्यांकडे बघत बसतो, आणि आपल्यावर कुणाचं प्रेम उरलेलं नाही असं त्याला वाटू लागतं.

तीन वर्षांपूर्वी, आई अजून कोक्किनियातल्या दोन खोल्यांत होती तेव्हा, तो दर रविवारी जायचा. अकराला पोचायचा, दीडला निघायचा. आई पलंगावर, तो खुर्चीवर, मध्ये वर्तमानपत्र. "काय म्हणतंय सरकार?" ती विचारायची. तो वाचून दाखवायचा. "आणि तुझे ते शब्द?" "चाललेत." तिला पाय टाकता येईनासा झाल्यावर स्ट्रातोस रोज संध्याकाळी गोदीतून परस्पर यायचा, तिला दोन्ही हातांवर उचलून गॅलरीत नेऊन बसवायचा. "चला, म्हाताऱ्या नवरीबाई, तुमची बोट लागली धक्क्याला," असं काहीतरी बडबडायचा, आणि ती, जी आयुष्यात कुणाच्या विनोदाला हसली नव्हती, त्याच्या खांद्यावर बुक्की मारायची. डिझेलचा वास येणारा खांदा. "लांब हो, घाण मेल्या." तिने अनेस्तीसला कधी घाण मेल्या म्हटलं नव्हतं. त्याच्यासाठी ती उठून बसण्याचा प्रयत्न करायची, केस सारखे करायची. डॉक्टर आल्यावर करायची तसेच. एका रविवारी ती म्हणाली, "माझी पायाची नखं फार वाढलीत, मोज्यात अडकतात." त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. कात्री कुठे आहे, असं विचारायला तो तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, "राहू दे, राहू दे. तुला नाही जमायचं. संध्याकाळी स्ट्रातोस कापेल." त्या क्षणी त्याला एका पाठोपाठ एक दोन गोष्टी वाटल्या होत्या. नंतरची जळजळ होती, आणि तिची तो वर्षानुवर्षं आठवण काढत आला होता. चालत्या बसमध्ये, दाढी करताना, कल्लिरोईच्या बैठकीत. पण आधीची वेगळी होती. आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याने वर्तमानपत्र पुन्हा उचललं होतं. पान कितवं होतं तेही त्याला आठवत होतं.

शुक्रवारी त्याने गडद रंगाचा कोट घातला आणि वाटेत वाइनची बाटली घेतली. दुकानात त्याने वेळ घेतला. नेमेयाच्या मळ्यांतली, जुनी, लाखेचं बूच लावलेली. दफनभूमी शहराच्या पार पश्चिमेला, दोन बस बदलून जावं लागे. फाटकातून वर चढताना त्याला लांबूनच दोघं दिसली: एव्दोकिया काळ्या रुमालात, आणि स्ट्रातोस लग्नातल्या सुटात, जो आता पोटावर बंद होत नव्हता. स्ट्रातोसच्या हातात पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेली वाइन होती, ओळखीच्या कुणीतरी घरी गाळलेली. अनेस्तीसला ती पाहून बरं वाटलं. बरं वाटलं याचा राग आला. तरी बरं वाटतच राहिलं.

"आलास का, मास्तर?" स्ट्रातोस म्हणाला. लग्न झाल्यापासून तो त्याला मास्तर म्हणत आला होता. "एवढी महागाची कशाला आणलीस? म्हातारी ओरडली असती. म्हणाली असती, पिऊन टाका, मला साधी चालते."

"तिला चांगली आवडायची," अनेस्तीस म्हणाला. ते खरं होतं की नाही त्याला माहीत नव्हतं. स्ट्रातोसला बहुधा माहीत होतं.

थोमासकाका खणत होता. सत्तरीचा, बनियनवर, तोंडात न पेटवलेली सिगारेट. कबरीवरची संगमरवरी चौकट त्याने आधीच बाजूला काढून ठेवली होती, आणि तिच्या डोक्याशी असलेली काचेच्या दाराची लहान पेटीही. आत आईचा फोटो, तेलाचा दिवा, खालच्या कप्प्यात तेलाची बाटली. एव्दोकियाने पांढरं कापड पिशवीतून काढलं आणि, कुणाकडे न बघता, नवऱ्याच्या हातांवर पसरलं. स्ट्रातोस कोपरात हात वाकवून खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. एखाद्याचं मूल घ्यायला उभं राहावं तसा. अनेस्तीस दोन पावलं मागे होता. मी घेतो, एवढे दोन शब्द होते. बसमध्ये त्याने ते तीनदा मनात म्हणून पाहिले होते. आता तो खोऱ्याचा आवाज ऐकत राहिला. मग तो आवाज बदलला आणि थांबला. वास आला.

थोमासकाका खड्ड्यातच वाकला, हाताने माती बाजूला केली, आणि पुन्हा लोटली. "नाही विरली," तो म्हणाला. "अजून आहे तशीच आहे. कपडेसुद्धा."

एव्दोकियाच्या घशातून आवाज निघाला. "अरे देवा. कुणाचा जीव अडकलाय तिच्यात? माफी न मिळालेला देह मातीत विरत नाही म्हणतात. कुणी माफ केलं नाहीये तिला? कुणी?"

"बाई, उगाच कुणाच्या डोक्यावर खापर फोडू नका," थोमासकाका वर चढत म्हणाला. "चिकणमाती आहे इथली. आणि औषधं बरीच घेतली असणार. या महिन्यातली ही चौथी. वरच्या रांगेत नेऊ, तिथली जमीन रेताड आहे. दोन वर्षांत मोकळी होईल. तुमच्या आई कुठे पळून जात नाहीत."

पण एव्दोकियाने एकदा, फक्त एकदाच, वळून भावाकडे पाहिलं होतं. त्याला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंही होतं. मात्र त्या वेळी तो स्ट्रातोसकडे बघत होता. स्ट्रातोस अजून तसाच उभा होता, कोपरात हात वाकवून, त्यावर पांढरं कापड, कापडावर काही नाही. आणि अनेस्तीसला आनंद झाला. हाच शब्द होता, दुसरा लागू पडेना. बत्तीस वर्षं शब्द तोलून पाहिलेल्या माणसाने तो उभ्या उभ्या तपासला आणि तो बरोबर निघाला. ती याच्या हातात आली नाही. छातीतून काहीतरी गरम वर गेलं, कानापर्यंत. मग स्ट्रातोसने कापडाची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि बायकोच्या हातात दिली. तो रडत होता. मोठ्या माणसासारखा नव्हे, नाक वाहेपर्यंत. "थंडीचा त्रास व्हायचा तिला," तो म्हणाला, "आता पुन्हा दोन वर्षं," आणि त्याने बाहीने नाक पुसलं. तो गरमपणा अनेस्तीसच्या कानाशीच थिजला.

शवपेटी वरच्या रांगेत नेईपर्यंत अकरा वाजले. पाद्रीने घाईघाईत प्रार्थना म्हटली. स्ट्रातोसने प्लॅस्टिकच्या बाटलीतली वाइन नव्या मातीवर ओतली; अनेस्तीसची बाटली पिशवीतच राहिली, लाख तशीच. काचेची पेटी डोक्याशी बसवून झाली तेव्हा एव्दोकिया म्हणाली, "आता ही एवढी वरची चढण. दर शनिवारी दिवा लावायला माझे गुडघे चालायचे नाहीत. तूच येत जा, स्ट्रातो."

"किल्ली मला द्या," अनेस्तीस म्हणाला. आवाज हवा होता त्याहून मोठा निघाला. "दिव्याच्या पेटीची. मी येत जाईन शनिवारी."

"तू?" एव्दोकिया म्हणाली. तिने तो शब्द थोडा लांबवला. "तीन वर्षांत किती वेळा आलास रे? दोनदा? एकदा तर पावसात फाटकावरूनच परत गेलास."

"दे गं त्याला," स्ट्रातोस म्हणाला. "त्याची आई आहे." जुडग्यातून किल्ली काढायला त्याला वेळ लागला, त्या जाड नखांना कडं उघडेना. अनेस्तीस हात पुढे करून थांबला. "घे, मास्तर. शनिवारी फाटक एकला बंद होतं, तेव्हा जरा आधी ये. तेल खाली आहे. वात उंच ठेवू नकोस, काच काळी होते. मग तिचा चेहरा दिसत नाही." बोलण्यात कुठेच टोमणा नव्हता. अनेस्तीसने तो शोधला, दोन्ही बसमध्ये, घरी पोचेपर्यंत. सापडला असता तर किल्ली खिशात इतकी जड झाली नसती.

शनिवारी सकाळी आठलाच तो कचेरीत गेला. सुट्टीचा दिवस, जिन्यावर कुणी नाही. त्याने खण उघडला, रबर काढलं, तिन्ही गठ्ठे पसरले आणि लिहायला घेतलं. सगळ्यांत जुना अर्थ आधी: ज्याची काळजी घ्यायला कुणी नाही त्याची अवस्था, विशेषतः मृताची. मग काळजी सुटलेल्या माणसाची अवस्था. मग संन्याशांची दुपार. शेवटी आळस. दोन बोटांनी उलटायची ती चिठ्ठी त्याने या खेपेला उलटली नाही. शेजारच्या झोपड्यांकडे बघणाऱ्या संन्याशाचं वाक्य उदाहरण म्हणून पूर्ण घेतलं. लिहायला चाळीस मिनिटं लागली. अकरा वर्षांच्या मानाने ते इतकं कमी होतं, की त्याने सगळं पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. तरी दहा वाजले नव्हते. कागद कल्लिरोईच्या टेबलावर ठेवून तो परत आपल्या खुर्चीत बसला. रिकामा खण उघडा होता. आता निघायला हवं, असं त्याला वाटलं, आणि तो बसून राहिला. इतकी वर्षं काहीतरी लिहायचं राहिलेलं असायचं. त्याच्या आडोशाला बसता यायचं. समोरच्या गच्चीवर आज चादर नव्हती, नुसत्या दोऱ्या. त्या दोऱ्यांच्या सावल्या तो बघत बसला. त्या हलत नव्हत्या. दहाची बस गेली असणार. साडेदहाची गेली. त्याने उठून खिडकी लावली, परत उघडली. एखाद्याचं वाईट चिंतायला कष्ट पडत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पण स्ट्रातोसकडे किल्ली नसावी असं जे गेली तीन वर्षं वाटत होतं, त्यात किल्ली आपल्याकडे असावी हे कधी होतंच नाही, हे त्याला त्या सावल्यांकडे बघता बघता कळलं, आणि कळल्यावरही तो उठला नाही. अकरा वाजून गेल्यावर, कुठल्याही नव्या कारणाशिवाय, तो उठला. बसस्टॉपवर तो चक्क धावला.

तो वर चढला तेव्हा बारा चाळीस झाले होते. ऊन सरळ डोक्यावर, सुरूच्या झाडांना बुंध्यापुरती सावली. वरच्या रांगेत ओली माती आणि तिच्या डोक्याशी काचेची पेटी. आत दिवा पेटलेला होता. तेल काठोकाठ, काच पुसलेली, वात बुटकी, ज्योत दाण्याएवढी आणि स्थिर. फोटोतली आई केस सारखे करून बघत होती. दाराशी ताज्या तुळशीची एक कुंडी होती. म्हणजे दुसरी किल्ली होती. म्हणजे मला जुडग्यातली काढून देताना, इतका वेळ नखाने कडं ओढताना, घरात दुसरी आहे हे स्ट्रातोसला माहीत होतं. मास्तर येणार नाही असं त्याने धरूनच ठेवलं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्याचा अंदाज फक्त काही मिनिटांनी चुकला होता. अनेस्तीसने आपल्या किल्लीने दार उघडलं, वाकला, आणि फुंकर मारली.

धुराची बारीक रेघ आईच्या चेहऱ्यावरून वर गेली. त्याने खिसे चाचपले. कोटाचे, पँटचे, परत कोटाचे. तो सिगारेट ओढत नव्हता. ओढत होता तो स्ट्रातोस, त्याच्याकडे लायटर असायचा. खालच्या कप्प्यात तेलाची बाटली होती, वातींचं डबडं होतं, पुसायचं फडकं होतं, घडी घातलेलं. काडेपेटी नव्हती. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. आजूबाजूच्या कबरींवरचे दिवे उन्हात नीट दिसतही नव्हते, पण ते पेटलेले होते, ओळीने सगळे. तीन कबरी पलीकडे काळ्या कपड्यांतली एक म्हातारी झारीने पाणी घालत होती. तिने मान वर केली.

"काय झालं रे, लेकरा? वाऱ्याने विझला?"

एक पानही हलत नव्हतं. हो म्हणता आलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "मी विझवला."

म्हातारीने झारी खाली ठेवली. त्याच्याकडे, मग फोटोकडे, मग त्याच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. तिने एप्रनच्या खिशातून काडेपेटी काढली आणि, चालत यायचा कंटाळा म्हणून, कबरींवरून त्याच्याकडे फेकली. "मग लाव आता," ती म्हणाली. "फाटकवाला घंटा वाजवेल एवढ्यात."

पहिली काडी मोडली. दुसरी त्याच्या बोटांत विझली. तिसरी लागली, आणि ज्योत उंच उठून काचेला काळं लावू लागली, तेव्हा त्याने चिमटीने वात खाली केली. बोट भाजलं. त्याने ती आणखी थोडी खाली केली.